लग्नानंतर नाव बदललं तर लग्नाच्या नोंदीचं, कागदपत्रांचं आणि हक्कांचं काय होतं?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा अर्ज २०२४ मध्ये आला, तेव्हा त्यात विवाहित महिलेला स्वतःची दोन नावं लिहायची होती. एक लग्नापूर्वीचं आणि एक लग्नानंतरचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक विवाहित बायकांच्या फायलीची गोष्ट या दोन रकान्यांत आली. शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँक खात्यात इंग्रजी स्पेलिंग वेगळं आणि रेशनकार्डावर घरात हाक मारतात ते नाव.

मग प्रश्न सुरू होतात. आपण नाव बदललं तर लग्नाचं प्रमाणपत्र बाद होतं का? दहावीची मार्कशीट बदलून मिळते का? राजपत्र काढावंच लागतं का? आणि वडिलांच्या सातबाऱ्यावरचा हक्क नाव बदलल्यामुळे जातो का?

जालना जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नांची उत्तरं समजून घेऊया. नियम राज्यभर तेच आहेत. पण जालन्यातल्या जुन्या नोंदींमुळे इथे काही गोष्टी जास्त जपाव्या लागतात.

थोडक्यात उत्तर

- लग्नानंतर नाव बदलणं बंधनकारक नाही. तसा कोणताही कायदा भारतात नाही.
- नाव बदलल्याने लग्न रद्द होत नाही आणि नाव पुन्हा जुनं केल्याने घटस्फोट होत नाही.
- फक्त वडिलांचं नाव आणि आडनाव बदललं असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह प्रमाणपत्र पुरतं. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्र लागतं.
- जुन्या नावाची जुनी कागदपत्रं खरीच राहतात. फक्त जुनं आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं आहे, हे दाखवणारा पुरावा हातात हवा.

नाव बदलण्याबद्दल कायदा काय सांगतो?

भारतात नाव बदलण्यासाठी वेगळा असा एक कायदा नाही. प्रौढ व्यक्ती स्वतःचं नाव ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरील नावाच्या प्रकरणात म्हटलं की, नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग आहे आणि त्यावरचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याशी जोडलेला आहे. मात्र तो अमर्याद नाही. सरकारी नोंदीत बदल करायचा असेल तर ठरलेली पद्धत पाळावी लागते.

लग्नाबाबतही हेच लागू होतं. हिंदू विवाह कायदा १९५५ किंवा विशेष विवाह कायदा १९५४, दोन्हींमध्ये पत्नीने पतीचं आडनाव लावावं अशी अट नाही. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की, महिलांना लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची गरज नाही. त्याआधी, २०११ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने कुटुंब न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती केली होती. त्यानुसार राजपत्रातून नाव न बदललेली पत्नी लग्नाआधीच्या नावानेच अर्ज दाखल करू शकते.

म्हणजे ‘आता लग्न झालं, आडनाव बदलून आणा’ असं एखाद्या टेबलावर सांगितलं गेलं, तर तो रिवाज असतो. कायद्याने तसं बंधन नाही.

नाव बदललं तर लग्नावर परिणाम होतो का?

लग्न दोन व्यक्तींचं होतं. कायदा वय, संमती, आधीचा जोडीदार हयात आहे का, निषिद्ध नातं आहे का आणि विधी झाले का, हे पाहतो. यापैकी एकही गोष्ट नावावर अवलंबून नाही. त्यामुळे लग्नानंतर पतीने किंवा पत्नीने नाव बदललं, तरी लग्न तसंच वैध राहतं आणि विवाह प्रमाणपत्रही वैध राहतं. त्यावर नवं नाव छापून घेण्याची गरज नसते. उलट त्यावर जुनं नाव असणं पुढे उपयोगी पडतं. ते कसं, हे पुढे पाहू.

इथे आणखी एक गैरसमज दिसतो. ‘प्रमाणपत्र आहे म्हणजे लग्न आहे’ असं समजलं जातं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ नुसार नोंदणी केली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं की, हिंदू विवाह कायद्याखालचे आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. प्रमाणपत्र हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे.

मग नावामुळे लग्न अडचणीत येतच नाही का? एका परिस्थितीत येऊ शकतं, ती म्हणजे फसवणूक. एखाद्याने खोटं नाव सांगून स्वतःची खरी ओळख किंवा महत्त्वाची माहिती लपवली आणि त्या आधारावर लग्नाला संमती मिळवली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार दुसरी बाजू लग्न रद्द करण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते. त्यासाठी फसवणूक कळल्यापासून एका वर्षाची मुदत आहे. आधीचं लग्न लपवून दुसरं लग्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. त्यासाठी १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायदेशीरपणे आणि उघडपणे केलेला नावबदल यात बसत नाही.

महाराष्ट्रातला खास गुंता: नावाचे तिन्ही भाग बदलतात

मराठी नावाचे तीन भाग असतात: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव. देशातल्या अनेक भागांत लग्नानंतर फक्त आडनाव बदलतं. आपल्याकडे मधलं नावही बदलतं. आणि अनेक घरांमध्ये तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिण्याची पद्धत असल्याने पहिलं नावही बदलतं.

इथे कागदपत्रांच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. समजा, माहेरचं नाव सुनीता आहे आणि सासरी ते स्नेहल झालं. विवाह प्रमाणपत्र सांगतं की सुनीताचं लग्न अमुक व्यक्तीशी झालं. त्यावरून पतीचं नाव आणि आडनाव जोडता येतं. पण सुनीता हीच स्नेहल आहे, हे त्या प्रमाणपत्रात कुठेही लिहिलेलं नसतं. लग्नपत्रिका, सत्कारातलं नाव किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचं नाव हा पुरावा होत नाही.

म्हणून पहिलं नाव बदललं असेल आणि ते कागदोपत्री वापरायचं असेल, तर राजपत्र काढावं लागतं. घरात हाक मारण्यापुरतं नवं नाव ठेवून कागदावर जुनंच पहिलं नाव कायम ठेवलं, तर हा सगळा खटाटोप वाचतो. नव्याने लग्न झालेल्यांसाठी सर्वांत सोपा मार्ग हाच आहे.

आधी विवाह नोंदणी, तीही माहेरच्या नावाने

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा विवाह मंडळांचं विनियमन आणि विवाह नोंदणी कायदा आहे. त्यानुसार लग्नाच्या तारखेपासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. उशीर झाला तरी नोंदणी होते, पण जादा शुल्क भरावं लागतं.

जालना जिल्ह्यात ही नोंदणी कुठे होते?

- गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीत. तिथे ग्रामसेवक विवाह निबंधक म्हणून काम पाहतात.
- भोकरदन, अंबड, परतूर अशा शहरांत नगर परिषदेत, तर नगरपंचायतीच्या गावात नगरपंचायतीत.
- जालना शहरात महानगरपालिकेत. जालना नगर परिषदेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, त्यामुळे त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर नगर परिषदेचं नाव असतं. ती प्रमाणपत्रं आजही तशीच चालतात.
- नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो.

नोंदणीसाठी नमुना ‘ड’ भरायचा असतो. पती, पत्नी आणि तीन साक्षीदार लागतात. अर्जात वधूचं नाव तिच्या शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर आहे तेच, म्हणजे लग्नाआधीचंच लिहावं. ‘आता लग्न झालंच आहे’ म्हणून सासरचं नाव लिहिलं, तर त्या नावाचा कोणताही पुरावा जोडता येत नाही. आणि पुढे हे प्रमाणपत्र जुन्या नावाशी जुळतही नाही. हे प्रमाणपत्र माहेरच्या आणि सासरच्या कागदांना जोडणारा पूल आहे. त्याचं माहेरकडचं टोक पक्कं असायला हवं.

प्रमाणपत्र हातात पडल्यावर तिथेच उभं राहून नाव, स्पेलिंग आणि तारीख तपासून घ्या.

राजपत्र कधी लागतं आणि कसं काढतात?

पुढच्या परिस्थितीत राजपत्र काढणं योग्य ठरतं:

- पहिलं नाव बदललं असेल.
- लग्नाशी संबंध नसलेल्या कारणाने नाव किंवा आडनाव बदलायचं असेल.
- वेगवेगळ्या कागदांवर इतकी वेगळी नावं असतील की दुसऱ्या कोणत्याही कागदाने ती जोडता येत नाहीत.
- घटस्फोटानंतर जुनं नाव परत घ्यायचं असेल आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर काम भागत नसेल.

महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या जाहिराती छापल्या जातात. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. नावात बदल, जन्मतारखेत बदल आणि धर्मात बदल असे तीन वेगळे प्रकार तिथे असतात. नाव बदलल्याने धर्म बदलत नाही, त्यासाठीची जाहिरात वेगळी असते. अर्जासोबत ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो आणि बदलाच्या कारणाचा पुरावा जोडतात. लग्न हे कारण असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडायचं. अल्पवयीन मुलांसाठी पालक अर्ज करतात. जाहिरात छापून आल्यावर राजपत्राची प्रत डाउनलोड करून ठेवता येते.

राजपत्राबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या जाहिराती अर्जदाराने दिलेल्या माहितीवर छापल्या जातात आणि मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी सरकार घेत नाही, अशी टीप राजपत्रातच असते. म्हणजे राजपत्र हे ‘मी नाव बदललं’ या जाहीर घोषणेचा पुरावा आहे. ते ओळखपत्र नाही. ते निघालं म्हणून आधार, पॅन किंवा बँक खातं आपोआप बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतोच.

अर्ज भरताना जुनं नाव शाळेच्या दाखल्यावर जसं आहे अगदी तसंच लिहा. जुन्या नावातच एक अक्षर चुकलं, तर राजपत्र असूनही साखळी तुटते.

कागदपत्रं कोणत्या क्रमाने बदलावीत?

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढचा कागद मागच्या कागदावर टेकलेला असतो.

१. आधार. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र घेऊन आधार केंद्रावर जा. आधार क्रमांक बदलत नाही. नाव मात्र आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. त्यामुळे घाईने आधी आडनाव, मग स्पेलिंग, मग पहिलं नाव असं तुकड्यातुकड्याने करू नका. अंतिम नाव, मराठी आणि इंग्रजी स्पेलिंगसह कागदावर लिहून न्या आणि पावती तपासूनच घरी या.

२. पॅन. पॅनसाठी ‘बदल किंवा दुरुस्ती’चा अर्ज असतो. क्रमांक तोच राहतो. नवीन पॅन काढायचं नाही, एका व्यक्तीकडे दोन पॅन असणं दंडनीय आहे. पॅनवर विवाहित महिलेच्याही वडिलांचंच नाव येतं, पतीचं येत नाही. त्यामुळे ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात पतीचं नाव लिहू नका.

३. बँक. ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल तर राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडल्यास ते जुनं ओळखपत्रही ग्राह्य धरावं, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत आहे. दोन्हीपैकी एकच पुरेसं आहे. योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येत असल्याने, आधारवरचं नाव बदलल्यावर खात्यातलं नाव लगेच बदलून घेणं शहाणपणाचं.

४. मतदार यादी. नाव दुरुस्ती आणि पत्ता बदल, दोन्हींसाठी नमुना ८ भरायचा. ऑनलाइनही भरता येतो.

५. रेशनकार्ड. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा आणि सासरच्या कार्डात नाव वाढवायचं. तहसील कार्यालयातल्या पुरवठा विभागात हे काम होतं.

६. वाहन परवाना आणि पासपोर्ट. परवान्याचं काम ‘सारथी’ पोर्टलवरून होतं. पासपोर्टवर नाव बदलणं ऐच्छिक आहे. नाव न बदलता फक्त पतीचं नाव जोडता येतं.

नावात तफावत असेल तर अनेक ठिकाणी शपथपत्र मागितलं जातं. जात, उत्पन्न, रहिवास अशा प्रमाणपत्रांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्रांना राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. त्यासाठी पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतोच असं कुणी सांगितलं, तर आधी तहसील कार्यालयात खात्री करून घ्या.

दहावीची मार्कशीट आणि शाळेचा दाखला बदलतो का?

लग्नामुळे बदलत नाही आणि बदलण्याची गरजही नाही. दाखला आणि मार्कशीट त्या वेळची नोंद आहे. तेव्हा जे नाव होतं तेच त्यावर राहतं. नोकरभरतीत विवाहित उमेदवाराकडे नावबदलाचा पुरावा मागतात, तिथे मार्कशीटसोबत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडायचं असतं. अर्जातलं नाव, आधार आणि हा पुरावा एकमेकांशी जुळला की पुरतं.

मुळातच चूक असेल तर गोष्ट वेगळी. राज्याच्या माध्यमिक शाळा संहितेनुसार जनरल रजिस्टरमधल्या नाव, जात, जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच अर्ज करायचा असतो आणि शिक्षण विभागाची परवानगी लागते. शाळा सोडल्यावर काहीच करता येत नाही का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्ण पीठासमोर आला होता. २०१९ च्या त्या निकालानुसार उघड दिसणारी चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त करता येते. मात्र पसंतीचं नवं नाव घालणं या ‘दुरुस्ती’त बसत नाही.

लग्नानंतर जात प्रमाणपत्र पतीच्या नावाने मिळतं का?

जात जन्माने ठरते. लग्नाने किंवा नाव बदलल्याने ती बदलत नाही. त्यामुळे विवाहित महिलेला जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वडिलांकडचेच पुरावे द्यावे लागतात: स्वतःचा शाळेचा दाखला, वडील, आजोबा, चुलते, आत्या यांच्या नोंदी आणि वंशावळ. सोबत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र, म्हणजे आजची अर्जदार हीच त्या दाखल्यावरची मुलगी आहे हे दिसेल.

जालन्यात हा विषय घराघरात पोहोचला तो २०२३ मध्ये. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू झालं आणि त्यानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमार्फत मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या जुन्या नोंदी मोडीत किंवा उर्दूतही सापडतात. एकाच माणसाचं नाव एका ठिकाणी ‘विठ्ठल’, दुसरीकडे ‘विठ्ठलराव’ आणि तिसरीकडे ‘विठोबा’ असू शकतं. बायकांच्या नावापुढे कधी ‘बाई’ असतं, कधी नसतं. अशा साखळीत आपण स्वतः आणखी एक न जोडलेलं नाव वाढवलं, तर पुढच्या पिढीला पुरावा जुळवणं अवघड जातं.

आणि हो, जिल्ह्याचं नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तयार झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणी जिल्ह्यात. २०२३ मध्ये औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणजे एकाच गावासाठी जुन्या कागदांवर वेगळा जिल्हा दिसू शकतो. हा गावाच्या प्रशासकीय नोंदीतला बदल आहे. त्यासाठी स्वतःच्या नावाचं राजपत्र काढायचं नसतं.

माहेरच्या जमिनीतला हक्क जातो का?

नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने, मुलाच्या बरोबरीने वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद ठरली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं की, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. लग्न झालं, आडनाव बदललं, यामुळे हा हक्क कमी होत नाही.

अडचण येते ती वारस नोंदीच्या वेळी. वडिलांच्या निधनानंतर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, तेव्हा बहिणीचं नाव कधी माहेरच्या, कधी सासरच्या नावाने लिहिलं जातं, तर कधी गाळलंच जातं. सासरच्या नावाने नोंद करताना ‘अमुक यांची मुलगी’ हे नातं नोंदवलेलं आहे का, हे पाहा. अर्जासोबत शाळेचा दाखला आणि विवाह प्रमाणपत्र द्या. फेरफार मंजूर होण्याआधी हरकत घेता येते. सातबाऱ्यावर लेखनाची चूक झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

लग्नाआधी स्वतःच्या नावावर घेतलेली जमीन किंवा प्लॉट असेल तर जुनं खरेदीखत तसंच वैध राहतं. विकताना दोन्ही नावांचा दुवा दाखवावा लागतो, एवढंच. मिळकतीच्या दस्तऐवजात लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा राज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयातही दिलेली आहे.

मुलांच्या कागदांवर आईचं कोणतं नाव?

मार्च २०२४ च्या त्याच निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नावाचा क्रम असा आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं पहिलंच नाव मुलाच्या नावाचा भाग होतं. त्यामुळे आईची दोन पहिली नावं चालू असतील, तर ती गफलत आता मुलाच्या नावात उतरते. जन्माची नोंद करताना आईच्या आधारवरचंच नाव द्या.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच मुख्य कागद आहे. दवाखान्यात घाईत सांगितलेलं नाव पुढे सगळीकडे जातं.

पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह झाला तर मुलांचं आडनाव कोण ठरवणार? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटलं की, वडिलांच्या निधनानंतर आई ही मुलाची नैसर्गिक पालक असते आणि मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार तिला आहे.

घटस्फोटानंतर नाव परत घेता येतं का?

येतं. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हा त्यासाठीचा मुख्य पुरावा आहे. अनेक कार्यालयं ती आणि जुनं ओळखपत्र पाहून नाव बदलून देतात, काही ठिकाणी राजपत्र मागतात. मात्र आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं, हे इथे लक्षात ठेवा. लग्नानंतर एक आणि घटस्फोटानंतर एक, अशा दोन संधी यातच संपतात.

पतीच्या निधनानंतर नाव बदलावंच लागतं असं नाही. कुटुंब निवृत्तिवेतन, विमा, वारस नोंद ही कामं पूर्ण होईपर्यंत आहे तेच नाव कायम ठेवणं सोयीचं जातं.

काम अडवलं तर काय करायचं?

विवाह नोंदणी दाखला आणि जन्म दाखला या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. अर्ज दिल्यावर पोच घ्या. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला, तर त्याच विभागात पहिलं आणि दुसरं अपील करता येतं. तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे जातं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ‘नाव जुळत नाही’ एवढंच तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. कोणत्या कागदावरचं कोणतं नाव जुळत नाही, हे लेखी मिळालं की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

एक छोटी फाईल घरात कायम तयार ठेवा. त्यात शाळेचा दाखला, जन्म दाखला, विवाह प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती, असेल तर राजपत्र आणि नाव बदलण्याआधीच्या आधारची प्रत असू द्या. नवं ओळखपत्र आल्यावर जुनं अनेकजण फाडून टाकतात. ते टाकू नका. वीस वर्षांनी वारस नोंदीच्या वेळी किंवा मुलीच्या जात पडताळणीच्या वेळी तोच कागद शोधावा लागतो.